दाखवायच्या आधीचे रोडगे

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमच्या यात्रेत यंदा माझ्या लेकीनं शेजारच्या काकूंना एक प्रश्न विचारला. आम्ही ख्रिस्ती, काकू हिंदू. तसा तो तिथंच गोवऱ्यांच्या धुरात विरून जायला हरकत नव्हती, पण घरी आल्यावरही तो काही पिच्छा सोडेना. आम्ही राहुटीत सतरंजीवर बसलेलो, बाजूच्या राहुटीत कोणाचं तरी लेकरू जोरात रडून राहिलं होतं, लाऊडस्पीकरवर हरवलेल्या माणसांची नावं चालू होती, आणि काकूंनी लेकीच्या पत्रावळीत रोडगा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा गोळा, फोडून त्यावर तुपाची धार सोडली. लेक दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणते, "आजी, हे दाखवलेलं आहे का?" सहावीत आहे ती. डिसेंबरात संडे स्कूलच्या टीचरनी मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा पाठ घेतला होता, आणि आमची लेक जे शिकते ते लगेच वापरायला काढते. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी वांग्याच्या भाजीकडे. काकू मात्र बिलकुल बिचकल्या नाहीत. "नाई वं माय," त्या म्हणाल्या, "दाखवाच्या आंधीच तुमचे वायले काढून ठेवतो आमी. आमच्या सासूनं सांगून ठेवलं होतं, यायचं वायलं ठेवत जा म्हून." वायलं म्हणजे वेगळं. लेकीचं समाधान झालं, तिनं दोन रोडगे हाणले. माझा घास मात्र तोंडात फिरायला लागला.

त्याचं कारण असं, की ही काढून ठेवायची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण आमच्या घरात ती वेगळी सांगतात. आमच्या घरात ती प्रेमाची गोष्ट आहे. काकूंच्या सासूबाई आमच्या आजोबांना भाऊ मानायच्या, भावाच्या धर्माला धक्का लागू नये म्हणून देवाला दाखवायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढायच्या, असं बाबा सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज थोडा जड व्हायचा. "यायचं वायलं ठेवत जा" हे वाक्य त्या गोष्टीत कुठंच नव्हतं. आणि विदर्भातल्या खेड्यात जन्म गेलेल्या माणसाला हे वाक्य कोणत्या दोन-तीन अर्थांनी बोललं जाऊ शकतं ते सांगावं लागत नाही. कप वायला असतो, ताट वायलं असतं, विहिरीवरची बाजू वायली असते. माझ्या आजोबांचा वाटा त्यांच्या मनाला जपायला वायला होता, की देवाच्या टोपल्याला त्यांचा हात लागू नये म्हणून?

दोन्ही गोष्टींत रोडगे तेच आणि तितकेच निघतात, हीच तर भानगड आहे.

रोडगे कसे होतात ते बघत बसायला मला फार आवडतं. गहू जाडं दळून आणलेलं असतं. पीठ घट्ट भिजवून काकू छोट्या छोट्या पाऱ्या लाटतात, एकीवर तेलाचं बोट फिरवून दुसरी, तिच्यावर तिसरी, मग बाहेरून एक मोठी पारी ओढून घेऊन गोळा बंद करतात आणि अंगठ्यानं तोंड दाबतात. बाहेर तोवर गोवऱ्या पेटून खाली बसलेल्या असतात, ज्वाळ नाही, नुसता लाल आर, त्यात ते गोळे सोडायचे आणि काठीनं फिरवत राहायचं. काकूंचे यजमान हे काम करतात, त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. रोडगा झाला की नाही ते ते आवाजावरून ओळखतात, काठीनं टिचकी मारतात आणि ऐकतात. मग जुन्या धोतराच्या फडक्यात घेऊन राख झटकायची. ती राख बाजूच्या माणसाच्या नाकात जाते, आणि त्या राखेचा, करपलेल्या कणकेचा आणि शेजारच्या राहुटीतल्या हंडीतल्या मटणाचा वास एकत्र आला की बहिरम आलं. डिसेंबरच्या विसेक तारखेला यात्रा भरते आणि पुढं जानेवारीभर चालते. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी. वाटेत दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे, आंबिया बहाराची तोड संपत आलेली, रस्त्याच्या कडेला क्रेटच्या थप्प्या. तूर पिवळी पडलेली. आम्ही काकूंच्या घरासोबत एकाच टाटा मॅजिकमध्ये जातो, पुढच्या सीटवर काकूंचे यजमान, मागं हंडी, गोवऱ्यांचं पोतं, पाण्याच्या कॅन आणि त्याच्यात कुठंतरी आम्ही.

आमचा नाताळ आणि बहिरम असा एकाच सुमारास येतो त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की ते एकाच सणाचे दोन भाग आहेत. 24 च्या रात्री कॅरल घेऊन गावभर फिरायचं, 25 ला चर्च, मग केक, करंज्या, अनारसे घरोघरी पोचवायचे, आणि त्यानंतरच्या एखाद्या शनिवारी बहिरम. रविवारी जायचं नाही, रविवारी उपासना. आमच्या कॅरल पार्टीत पेटी कोण वाजवतं माहितीये? काकूंचे यजमान. माळकरी माणूस, एकादशी धरणारा, पण आमच्या मंडळीत पेटी येणारं कोणी उरलं नाही आणि ख्रिस्ती कवी टिळकांची भजनं ढोलकी-पेटीशिवाय गायची म्हणजे काय गंमत. ना. वा. टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि काकूंचे यजमान त्याच पुलावर अलीकडच्या टोकाला पेटी घेऊन आरामात बसलेले असतात, त्यांना पलीकडे जायचं नसतं आणि आम्हालाही त्यांना न्यायचं नसतं. मात्र माळ घातलेल्या माणसाला बहिरमला मटणाच्या वासात बसायला कसं चालतं असं एकदा मी विचारलं तर म्हणाले, "वासाले कुठी माळ असते बावा."

आता खरी गंमत ऐका. बहिरमला पूर्वी देवापुढं बकरे कापायचे. गाडगेबाबा याच जिल्ह्यातले, त्यांनी इथं येऊन कीर्तनांतून त्यावर कोरडे ओढले, आणि देवळापुढचा बळी थांबला. लोक मटण मात्र खातातच, हंडीतलं मटण म्हणजे बहिरम असं अख्खा अमरावती जिल्हा म्हणतो, पण ते मटण आता दुकानातून विकत आणून राहुटीत शिजवलेलं असतं. देवाला जातो तो आमच्या काकूंच्या घरचा बिनकांद्याचा, शुद्ध शाकाहारी रोडगा. म्हणजे ख्रिस्ती माणसाच्या हिशोबानं बघा, मटण बिनधास्त खा आणि रोडग्याला हात लावताना विचार कर. बायबलात प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात हेच सगळं आहे. बाजारात विकतात ते विचारपूस न करता खा. कोणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा, चौकशी करत बसू नका. पण कोणी सांगितलंच की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका, आणि तेही तुमच्यासाठी नाही, सांगणाऱ्यासाठी. मला तर पौल कधीतरी बहिरमला येऊन गेला असावा असं वाटतं. करिंथलाही देवळं, बाजार, मेजवान्या आणि शेजारी होतेच की. एका जातीचं, एका देवाचं गाव असतं तर हा अध्याय लिहायची वेळच आली नसती.

बाबांनी या दहाव्या अध्यायावर आयुष्य काढलं. ते जिल्हा परिषदेचे मास्तर, शाळेत गणपती बसायचा, सरस्वती पूजन व्हायचं, गावात महाप्रसाद, भागवत सप्ताह, लग्नं. त्यांचं धोरण सरळ होतं, कोणी सांगायच्या आत खाऊन मोकळं व्हायचं. पंगतीत ते सगळ्यात आधी घास घ्यायचे, वाढपी "प्रसाद घ्या गुरुजी" म्हणायला तोंड उघडेपर्यंत अर्धी बुंदी पोटात. आम्हाला ते फार हुशार वाटायचे. माझी बायको वाशिमची, नाझरीन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत वाढलेली, मोठ्या दवाखान्याच्या कंपाउंडमधल्या वातावरणातली, तिथं अशा चालाख्या चालत नाहीत. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती बहिरमला आली आणि घरून आणलेली पोळी-भाजी खाऊन उठली. भांडण नाही, तोंड वाकडं नाही, काकूंशी हसून बोलली, भांडी घासू लागली, पण रोडगा नाही. घरी आल्यावर तिनं बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय उघडून माझ्यापुढं ठेवला, यरुशलेमेतल्या सभेत सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की मूर्तीला दाखवलेलं टाळायचं. आता पौल मोठा की सभा, यावर आमचा त्या रात्री साडेअकरापर्यंत वाद. मग मी म्हटलं, अगं पण ते दाखवलेलं नसतंच, काकू आधी काढून ठेवतात. ती म्हणाली, हे तू आत्ता सांगतोस? दुसऱ्या वर्षीपासून खायला लागली. म्हणजे बघा, आमच्या घराची शांती त्या काढून ठेवलेल्या टोपल्यावर उभी आहे.

आजोबा कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात ड्रेसर होते. सायकलवर जायचे यायचे. काकूंच्या सासरकडचे एक थोरले बाबा होते, त्यांच्या पायाला ती जखम होती जिला दुखत नाही आणि म्हणून ती भरत नाही. तेव्हा डॅप्सोनच्या गोळ्या होत्या, वर्षानुवर्षं घ्यायच्या, एमडीटी म्हणजे एकत्र औषधं द्यायची पद्धत तर 1981 नंतरची. त्या बाबांचं ताट घरातच वायलं होतं, गोठ्याकडच्या पडवीत. आजोबा संध्याकाळी परतताना तिथं थांबून पाय धुऊन पट्टी बांधायचे आणि तिथंच त्यांच्यासोबत चहा प्यायचे. हे सगळं आमच्या बाजूनं सांगितलेलं आहे हे लक्षात ठेवा. काकूंच्या घरात ही गोष्ट बोलतच नाहीत, महारोगाचं कोण बोलतं, पोरींची लग्नं व्हायची असतात. तर त्या पडवीत दोन वायली ताटं असायची, एक रोग्याचं आणि एक ख्रिस्तावाचं. सासूबाईंनी त्यात काय बघितलं असेल? भाऊ बघितला असेल. किंवा जिथं एक वायलं आहे तिथं दुसरं ठेवायला सोपं, असंही बघितलं असेल. एका बाईच्या मनात दोन्ही एका वेळी असू नये असा काही नियम आहे का? माझ्या आईच्या मनात तर एका वेळी पाच-सहा गोष्टी असतात आणि त्यातल्या दोन तरी एकमेकींच्या विरुद्ध.

जेवण झाल्यावर आम्ही देवळाकडे चक्कर मारली. आम्ही आत जात नाही, पायऱ्यांपाशी थांबतो, चपला सांभाळतो. लोक बहिरमबुवाला लोणी आणि शेंदूर घेऊन वर जातात. लेक विचारते, "पप्पा, आपण ख्रिश्चन व्हायच्या आधी हा आपला देव होता का?" आता याला काय सांगू. आमचे पणजोबा 1899-1900 च्या दुष्काळातलं पोर. अलायन्स मिशनच्या लोकांनी अकोल्याला पोरांचं अनाथालय चालवलं होतं त्यात ते वाढले. कोणत्या गावचे, कोणाचे, कोणत्या जातीचे, काही माहीत नाही, त्यांनाच माहीत नव्हतं, पोटात अन्न नसलेलं पाच-सहा वर्षांचं पोर काय सांगणार. त्यामुळे आमच्या घराला धर्मांतराची गोष्टच नाही. दुसऱ्या घरांत असते, अमुक आजोबांनी स्वप्न बघितलं, तमुक आजीचा ताप उतरला, वाळीत टाकलं, विहीर बंद केली. आमच्याकडे कोणी काही सोडलंच नाही, सोडायला काही होतंच नाही. गावात अजून कोणीतरी नवीन माणूस विचारतंच, "मूळचे कोनते तुमी?" आणि मी खरं उत्तर दिलं की माहीत नाही, तर त्याला वाटतं लपवून राहिला. लेकीला मी म्हटलं, असेल पण, नसेल पण. ती म्हणाली, "म्हणजे फिफ्टी-फिफ्टी?" आणि ती वर त्या शेंदरी आकाराकडे बघायला लागली, भीतीनं नाही, भक्तीनंही नाही, शाळेत नवीन आलेल्या मुलीकडे बघावं तशी. बायकोनं तिचा हात धरून पाळण्यांकडे नेलं.

मी मात्र तिथंच थांबलो. गर्दीत एक म्हातारा नातवाला खांद्यावर घेऊन चढत होता, म्हणत होता, "आपला बुवा हाय हा, आपल्या घरचा." मला हेवा वाटला का? थोडा वाटला असेल. देवाचा नाही, त्या 'आपल्या घरचा' म्हणण्याचा. आमच्या चर्चमध्ये आम्ही सगळे देवाचे घराणे वगैरे म्हणतो ते खरंच आहे, मला ते मनापासून पटतं, पण पणजोबांच्या मागं बघायला गेलं की एक मिशनचं रजिस्टर आणि त्याच्या पलीकडे दुष्काळ. कधीकधी वाटतं बरं आहे, ओझं नाही. कधीकधी वाटतं या पायऱ्या चढणाऱ्यांत माझं कोणीतरी सख्खं असेल आणि मी त्याची चप्पल सांभाळतोय.

काकूंच्या वाक्यावर मी परत येतो, कारण ते मनातून जाईना. रात्री झोपताना बायकोला म्हटलं, तुला काय वाटतं, काकूंच्या सासूबाईंनी विटाळ म्हणून केलं असेल का? ती पोरीच्या स्वेटरला चिकटलेली राख झटकत होती. म्हणाली, "आणि आपण काकूंना काय केलं ते विसरला का?" मी विसरलो नव्हतो. काकू दरवर्षी नववर्षाच्या पहिल्या रविवारी आमच्या उपासनेला येतात, लुगडं नेसून, पुढच्या बाकावर आईच्या शेजारी. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पावाचे बारीक तुकडे आणि मनुका भिजवून काढलेला रस, छोट्या ग्लासांत. पाळक साहेब सांगतात, बाप्तिस्मा घेतलेल्यांनीच घ्यावं, आणि ताट बाकांवरून हातोहात जातं. एका वर्षी ते ताट काकूंच्या समोरून आईच्या हातातून पलीकडच्या हातात गेलं. काकूंनी हात पुढं केलेला, तो त्यांनी तसाच पदर सारखा करायला वळवला. बाहेर आल्यावर हसत म्हणाल्या, "इवलासा तुकडा तं होता वं बाई, कोनाचं पोट भरते त्याच्यानं." आईनं घरी नेऊन त्यांना केक दिला, मोठा तुकडा, वरचा काजूवाला, आधीच बाजूला काढून ठेवलेला.

प्रभुभोजन का बंद असतं ते मला समजतं, त्याच करिंथच्या पत्रात अकराव्या अध्यायात अयोग्य रीतीनं खाण्याबद्दल कडक लिहिलंय, आणि मी पाळक असतो तर मीही तेच सांगितलं असतं. पण आईनं तो केक प्रेमानं काढला होता की भरपाई म्हणून, ते तिलाही सांगता येणार नाही.

मग मी सरळ काकूंनाच विचारायचं ठरवलं. अंगणात तूर बडवून राहिल्या होत्या, डोक्याला फडकं. म्हटलं, काकू, तुमच्या सासूबाईंनी आमचं वायलं ठेवायला का सांगितलं होतं हो? त्यांनी बडवणं काही थांबवलं नाही. "आता मले का मालूम? मी नवी नवरी होतो, सांगतलं तसं केलं. तवा का सासूले इचारता येत होतं, काहून म्हून?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "पन तुमचा आजा आला का सासू त्याले बसाले पिढं देत होती. आमच्या मामंजीले कधी देल्लं नाई." आणि लगेच तुरीच्या भावावर गेल्या.

बायको ओट्यावर होती, तिनं हे सगळं ऐकलं. ती म्हणाली काकू, पुढच्या वर्षी तुम्ही नुसतं बसा, रोडगे मी करते, गहू पण आमच्याच घरचा. मला हे नवीन होतं, तिनं मला काही सांगितलं नव्हतं. काकूंचा हात पहिल्यांदा थांबला. "करजो ना," त्या म्हणाल्या, "पन तू केलेले बुवाले दाखवाले चालतीन का?" बायको गप्प. मी पण गप्प. लेक म्हणाली, तुमचे वेगळे काढून ठेवू ना आजी. काकू इतक्या हसल्या की फडकं सुटलं. बायको म्हणाली तिच्या हातानं केलेलं मूर्तीपुढं जाणं तिला जमेल की नाही ते ती पाळक साहेबांना विचारून सांगेल. काकू म्हणाल्या, "तू त्यायले इचार, मी गुरवाले इचारतो. दोघंई नाई म्हनले तं मटन करू."